गाळा माझ्या नावावर, आत अप्पा बसलेत

मी काही लिहिणारी बाई न्हाई. आठवी झाली अन नववीत शाळा सुटली, तवा चुकलं-माकलं तर हसू नका. मोबाईलवर लिहायलेय, लेकरू झोपलंय तेवढ्यात, म्हणून घाई हाय. ह्या ग्रुपवर लोकायचे अनुभव मी रोज वाचायची, भांडे झाले की. वाचायची अन हसायची. आमच्यात असलं काही नसतंच ओ. माझं माहेर मुखेडचं, पप्पा शाळेत शिपाई होते, घरात रोज बुद्धवंदना व्हायची पण अंगारा, लिंबू, बाहेरचं झालं, लागिर झालं — हे शब्दसुद्धा पप्पा बोलू द्यायचे न्हाईत. "काम नसलेल्या माणसाला भूत दिसतं," म्हणायचे. मी बी तेच म्हणायची. आता पप्पाचा फोन आला की नुस्तं "बरं हाय सगळं" म्हणते अन ठिवते. काय सांगू त्यायला? त्यायच्याच पैशानं तर गाळा घेतलाय.

आम्ही लातूरला राहतो. आमचे हे मिक्सर, कुकर, गॅसची शेगडी दुरुस्त करतेत. हात चांगला हाय त्यायचा, पण जागा टिकायची न्हाई. भाड्यानं टपरी घ्यावं, गिऱ्हाईक जमावं, की मालकाच्या पोटात दुखायचं — खाली करा. पुन्हा दुसरीकडं. गिऱ्हाईक मागच्याच जागी जाऊन परत जायचं. लगीन झाल्यापासून हेच. मी ब्लाउज शिवायची, त्याच्यावर चालायचं. मग आरू झाली, आमची लेक, आता बोलायलीय थोडं थोडं. तिला पाहून पप्पा म्हणले, "आता पुरे. रिटायरमेंटचं आलंय त्यातनं एक मालकीचं दुकान घ्या. पण पोरीच्या नावावर." पोरीच्या म्हंजे माझ्या. ह्यायनं बी मन मोठं केलं, "घ्या" म्हणले.

गंजगोलाईच्या, म्हंजे लातूरच्या मोठ्या बाजाराच्या, मागच्या अंगाला एक गल्ली हाय, तिथं हा गाळा निघाला. लहान हाय, एक शटर, मागं एक खिडकी. मालक पुण्याला राहतेत. आम्हाला कुणीतरी सांगितलं आधी वकील बघा, म्हणून वकील मॅडमकडं गेलो. त्यायनं कागद पाहिले अन पहिल्यांदा हेच सांगितलं, "वैशाली, हा लीजचा गाळा नाही बरं का. जमिनीसकट पूर्ण मालकीचा आहे. असे गाळे कमी निघतात. पण मी सगळं तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका." लई बारीक बाई. जुन्या रजिस्ट्र्या काढल्या, पी.आर. कार्ड म्हंजे जागेचा सरकारी उतारा काढला, पेपरात नोटीस दिली — ह्या गाळ्यावर कुणाचा हक्क, बोजा, ताबा असंल तर येऊन सांगा. कुणी आलं न्हाई. मग म्हणल्या, "आता एकदा जागेवर जाऊ. कागदावरचं आणि जमिनीवरचं एक आहे का ते मी डोळ्यानं बघते."

तो दिवस मी कितीदा आठवलाय... भर दुपार होती, उन्हाचं. मॅडम बाहेर उभ्या राहून चतुःसीमा वाचायल्या, म्हंजे चारी बाजूला काय काय हाय ते. पूर्वेला मुमताज आपाचं बांगड्याचं दुकान. आपा बाहेर येऊन म्हणली, "हां हां, मैंच हूँ पूर्व." सगळे हसले. आमचे हे टेप धरून बाहेरून माप घ्यायले. मी आरूला कडेवर घेऊन आत गेले, म्हणलं बघावं तर कसं हाय आपलं दुकान.

आत मागच्या कोपऱ्यात एक म्हातारे बसले होते.

धोतर, पांढरी बंडी, कपाळाला भस्म, एक गुडघा वर करून भिंतीला टेकून. हातानं पेपरच्या तुकड्याची पुडी वळायले. इतक्या भराभर की बोटं दिसू नयेत. मला काही सुद्धा वाटलं न्हाई बगा. मालकाचं कुणीतरी म्हातारं असंल, चावी घेऊन आलं असंल, असं समजले. त्यायनं मला पाहिलं अन गुडघ्यावर हात टेकून उठायले. उठवंना झालं होतं त्यायला.

"उठतो बाई," म्हणले. "तुमचं झालं आता."

आता तुम्हीच सांगा. एवढं म्हातारं माणूस आपल्यासाठी उठायलंय, आपण काय म्हणतो? कुणी बी काय म्हणंल? मी म्हणले, "नको नको अप्पा, बसा. उठू नका. तुमचंच दुकान समजा."

ते थांबले. माझ्याकडं लई वेळ पाहिले.

"बसू म्हणता?"

"बसा की."

"मालकीण तुम्हीच ना?"

मला हसू आलं. मला कुणी मालकीण म्हणलंच नव्हतं कधी. म्हणले, "हाव, माझ्याच नावावर व्हायलंय."

"मग बसतो," म्हणले, अन पुन्हा भिंतीला टेकले. आरूच्या हातात पुडी दिली. खडीसाखर होती. तेवढ्यात आपानं बाहेरून हाक मारली, "अगे, बच्ची को ला इधर, चूड़ी पहनाती मैं," म्हणून मी बाहेर गेले. नंतर मॅडम अन हे आत जाऊन खिडकी-बिडकी सगळं पाहून आले. मॅडम म्हणल्या, "रिकामा आहे, छान आहे." मी म्हणलं, म्हातारे गेले असतील. माझ्या डोक्यातनं निघून बी गेलं.

मग रजिस्ट्री झाली. माझा फोटो, माझा अंगठा. आतल्या साहेबानं विचारलं, "खरेदी देणाऱ्याचे पैसे पोचले? ताबा मिळाला?" ताबा म्हंजे जागा रिकामी करून हातात दिली का. मी मोठ्यानं म्हणले, "हाव." हे मागं उभे होते, डोळे पुसायले. मॅडमनं चावी माझ्या हातात ठिवली. घरी येऊन मी ती चावी आरूच्या उशाखाली ठिवून झोपले, काय सांगू...

दुकान चालू केलं. पप्पा आले, वंदना घेतली, पेढे वाटले. ह्यायनं टेबल मांडलं, हत्यारं लावले, वर ट्यूबलाईट. अन गिऱ्हाईक येईना.

येईना म्हंजे — यायचं. दारापस्तोर यायचं अन परत जायचं. एक बाई मिक्सरचं भांडं घेऊन आली, पायरीवर उभी राहिली, आत पाहिली, "गर्दी हाय, नंतर येते," म्हणून चालली. हे एकटेच होते आत! ह्यायनं हाक मारली, "अहो मावशी, कुणी न्हाई, या." ती म्हणली, "ते काय बसलेत की म्हातारबा. त्यायचं होऊ द्या." अन गेली. हे कोपऱ्याकडं पाहून राहिले. काही न्हाई तिथं. नुस्ती फरशी.

मला घरी येऊन सांगितलं हसत हसत. मी हसले न्हाई. मला ती पांढरी बंडी आठवली. पण ह्यायला सांगितलं न्हाई, म्हणलं आपलं डोकं चालायलंय उगं.

दुसऱ्या दिवशी बी तेच. तिसऱ्या माणसानं तर आत पाऊल टाकून "राम राम काका" म्हणलं कोपऱ्याकडं तोंड करून अन ह्यायला म्हणला, "तुमच्या वडलाला बरं वाटंना का? झोपू द्या, मी संध्याकाळी येतो." ह्यायचे वडील ह्यायच्या लहानपणीच गेलेत.

मग मी जाऊन बसायले दुकानात, आरूला घेऊन. मला तसं काही दिसायचं न्हाई, पण आरू... आरू सरळ कोपऱ्यात जाऊन बसायची. खेळायची. बडबड करायची. अन एक दिवस मी दारात गिऱ्हाइकाशी बोलायले अन वळून पाहते तर लेकराच्या मुठीत पुडी. पेपरची, त्रिकोणी, वरून दोऱ्यानं बांधलेली. आत खडीसाखर. मी तिला उचलले अन पळतच आपाकडं. नुस्ती पुडी पुढं धरली.

आपानं पुडी हातात घेतली, उलटी-सुलटी केली. "या अल्ला," म्हणली. "ये तो अप्पा की पुडी है."

"कोण अप्पा?"

मग आपानं सांगितलं. ह्या गाळ्यात लई जुने भाडेकरू होते, काशिनाथ अप्पा, मसाल्याचं दुकान. जिरं, मोहरी, खसखस, सगळं असंच पुडीत बांधून द्यायचे, दोऱ्याला गाठ बी न मारता नुस्तं खोचायचे, अन लेकराला खडीसाखर फुकट. आता असं कोण बांधतंय? पाय गेले म्हणून त्यायनं मालकाला चावी दिली, भांडण न्हाई, कोर्ट न्हाई, काही न्हाई. लेकीकडं मुरुडला गेले, हे आपलं लातूरजवळचं मुरुड.

"म्हंजे... जिवंत हायेत?"

"मरने की बात नको कर. जिंदा हैं. लेकिन उठता नहीं आता उनको. मैं ईद के बाद देख के आई ना."

जिवंत हायेत ऐकून मला आधी जरा बरं वाटलं. म्हणलं माणूसच हाय, कुणी आणून सोडत असंल. मग कळलं, ज्याला उठता येत न्हाई तो मुरुडहून लातूरला येऊन आमच्या कोपऱ्यात बसतोय, अन आमच्या ह्यायला तो दिसत न्हाई... ते तर जास्तीच भ्याव वाटायचं काम.

आम्ही दोघं मॅडमकडं गेलो. मला वाटलं हसतील. हसल्या न्हाईत, पण डोळ्यावरचा चष्मा काढून ठिवला. म्हणल्या, "हे बघा, तुम्ही जे सांगताय त्यावर मी काही बोलत नाही. मला कायद्याचं कळतं तेवढं सांगते. तुमचं टायटल, म्हणजे मालकी, स्वच्छ आहे. पण जुना भाडेकरू हयात आहे हे मालकानं मला सांगितलं नव्हतं. चावी तोंडी दिली, लेखी काही नाही. तर आपण त्यांच्याकडून लिहून घेऊ, ताबा सोडलाय, हक्क नाही. अंगठा दिला की विषय संपला."

"मंग ते उठतील का मॅडम?" हे म्हणले.

मॅडम माझ्याकडं पाहून म्हणल्या, अर्धं हसतच म्हणल्या असतील, "गाळा तर मी स्वतः रिकामा बघितला होता. त्यांना आत बसायला सांगितलं कुणी?"

मी सगळं सांगितलं. बसा म्हणले, तुमचंच समजा म्हणले, मालकीण मीच म्हणले.

हे खवळले. "बसा म्हणलीस? येडी का खुळी?"

"म्हातारं माणूस उठायलं होतं ओ! तुम्ही काय म्हणला असता, चला निघा?"

मॅडम म्हणल्या, "भांडू नका. मालकानं बस म्हटलं की ती परवानगी झाली. असा माणूस घुसखोर नसतो. त्याला ओढून नाही काढता येत. ज्यानं परवानगी दिली त्यानंच ती मागं घ्यायची असते." अन मग स्वतःलाच म्हणल्यासारखं, "काय बोलतेय मी," म्हणून फाईल बंद केली.

मॅडमच्याच गाडीत आम्ही मुरुडला गेलो. अप्पाचा अंगठा मॅडमच्या समोर व्हायला पाहिजे होता. अप्पाची लेक, नंदाअक्का, लई गरीब स्वभावाची बाई. चहा ठिवली, आरूला बिस्कीट दिली. आतल्या खोलीत पलंगावर अप्पा. मी दारातच थांबले. तीच बंडी. तेच भस्म. पण अंग... काठीला धोतर गुंडाळल्यासारखं. हात तेवढे चालू होते, पांघरुणावर, पेपरच्या तुकड्याच्या पुड्या वळत. पलंगाखाली ढीग पडलेला रिकाम्या पुड्यायचा.

कुणाकडं चाललोय ते आरूला आम्ही सांगितलंच नव्हतं. ती माझ्या कडेवरून उतरली, "अप्पा!" म्हणून पळत गेली अन पलंगाला लटकली. रोजची ओळख असल्यासारखी.

नंदाअक्का म्हणली, "अगं बया, वळखती की ही! बाबा तर पावसाळ्यापासून हातरूनसुद्धा सोडले न्हाईत, कुठं पाहिली हिनं?"

मॅडमनं घाईघाईनं फाईल उघडली.

मॅडमनं कागद वाचून दाखवला. अप्पानं सगळं ऐकलं, मान हलवली. "खरं हाय. चावी दिली मी. माझा काही हक्क न्हाई." अंगठा दिला, खुशीनं दिला. मॅडमनं निळी शाई पुसायला रुमाल दिला. मग अप्पा माझ्याकडं वळले.

"आलीस बाई? गिऱ्हाईक होतंय का?"

मला रडू फुटलं. "न्हाई होत ओ अप्पा."

"होईल. नवं दुकान हाय, टाइम लागतो. मी हाय की बसलेला. दुकान मोकळं दिसू नये."

त्यायला वाटायलं होतं ते आमची मदत करायलेत...

ह्यायनं मला मागून कोपर मारलं. म्हण. मी अप्पाजवळ गेले. काय म्हणायचं ते तोंडात तयार होतं. अप्पाच म्हणले, "तू बस म्हणलीस म्हणून बसलो. ऊठ म्हण, लगेच उठतो. माझं काही न्हाई."

अन नंदाअक्कानं माझा हात धरला. असा घट्ट धरला की बांगडी रुतली. मला बाहेर अंगणात घेऊन आली. म्हणली, "ताई, तुम्ही कोण, कुठल्या, मला म्हाईत न्हाई. पण ऐका. डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं होतं. अन्न सोडलं होतं बाबानं, भिंतीकडं तोंड करून पडायचे. नातेवाईक येऊन भेटून गेले. अन एक दिवस दुपारच्याला एकदम तोंड फिरवून मला म्हणले, नंदा, भाकरी दे. दुकानात बसायला सांगितलंय मला, मालकिणीनं. तवापासून जेवायलेत. रोज सकाळी म्हणतेत, दुकानाला जातो. मला वाटलं भ्रम झाला... ताई, त्यायला उठा म्हणू नका. बसलेलं म्हातारं उठलं की जातंच ओ."

ती पाया पडायला वाकली. मी तिला धरले. माझ्यापेक्षा किती मोठी बाई.

मी आत गेलेच न्हाई पुन्हा. आरूला ह्यायनं आणलं. तिच्या हातात पुडी होती. लातूर जवळ आलं तवा मॅडम म्हणल्या, "कागद पूर्ण झाला. कोर्टात, बँकेत, कुठंही दाखवा, गाळा तुमचा आहे आणि रिकामा आहे." मग म्हणल्या, "पुढचं मला नाही सांगता येत वैशाली."

हे होऊन बरेच दिवस झाले. आता ह्यायनं टेबल बाहेर पायरीवर काढलंय. वर ताडपत्री बांधली. शटर उघडं, आत लाईट चालू, अन आम्ही बाहेर उन्हात. लोक म्हणतेत, "एवढं मालकीचं दुकान असून बाहेर कामून बसता?" थोडं गिऱ्हाईक होतंय आता. पण पाऊस आला की हत्यारं आत न्यावं लागतेत, अन आत नेले की दारापस्तोर आलेली माणसं परत. विकावं म्हणलं तर त्यात बी लिहावं लागतं, मिळकतीत कुणाचाही ताबा न्हाई, जागा रिकामी हाय. ते माझ्या अंगठ्यानं मी कसं लिहून देऊ? एकदा "हाव" म्हणून बसलेच की.

ह्यायचं अन माझं रोज भांडण. "एक शब्द हाय. एक. तू म्हणलीस, तूच म्हणायचं. लेकराचं तोंड बघ." खरं हाय त्यायचं बी. पप्पाचे सगळे पैसे त्यात. आणखी किती दिवस पायरीवर बसायचं? रोज सकाळी शटर वर करताना मी ठरवते, आज म्हणायचं. मी काही मारायले का कुणाला? माझंच दुकान, मी नुस्तं उठा म्हणायलेय. मग नंदाअक्काच्या हाताची ती पकड आठवते.

परवा मन घट्ट करून ठरवलं. आरूला आपाकडं दिलं. हे बाहेर पायरीवर, कान माझ्याकडं. मी आत गेले, कोपऱ्यासमोर खाली बसले. मला काही दिसत नव्हतं. पण भिंतीला, डोकं टेकायच्या जागी, तेलाचा डाग पडलाय — रंग दिल्यावर नव्हता. अन जिऱ्याचा वास. मी हात जोडले. म्हणले, "अप्पा..."

'उठा'चा उ तोंडात आला, खरंच आला.

"अप्पा, पाणी देऊ का?"

हेच निघालं तोंडातनं. मलाच कळंना कसं. मी उठले, तांब्या भरून कोपऱ्यात ठिवले अन बाहेर आले.

हे म्हणले, "म्हणलीस?"

मी मान हलवली. हाव का न्हाई, ते मला बी म्हाईत न्हाई. ह्यायनं आनंदानं टेबल उचललं, आत नेलं, फॅन लावला. थोड्या टाइमानं एक बाई कुकर घेऊन आली. पायरीवर थांबली. आत वाकून पाहिली.

"पाणी पिऊ द्या त्यायला सावकाश," म्हणली. "मी नंतर येते."

तुमच्यात कुणी शिकलेले असतील, कुणी वकील असतील, कुणी असलं पाहिलेलं असंल. पप्पा म्हणायचे प्रत्येक गोष्टीला कारण असतं, मी शोधून थकले, मला सापडलं न्हाई. कारण नका सांगू. नुस्तं एवढं सांगा की म्हाताऱ्या माणसाला उठा कसं म्हणायचं. आरू उठलीय, ठिवते.